खंड

निकाल चौदा पानांचा आहे.
सातव्या पानावर मी आहे, नावानं नाही:
‘हजेरीपट ठेवणाऱ्या कारकुनाच्या नोंदी
विश्वासार्ह मानता येत नाहीत.’
बत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल
दिल्लीनं लिहिलेलं हे एकच वाक्य.

जिंतूरच्या वर, टेकड्यांच्या बेचक्यात आमचं धरण.
धरण कसलं, मध्यम प्रकल्प.
मुंजाजी काळदाते तिथं पाण्याची पट्टी वाचायचा,
सकाळी आठला, संध्याकाळी पाचला,
पावसाळ्यात दर तासाला, कंदील घेऊन.
हुद्दा: रोजंदारी मजूर.

दोनशे चाळीस दिवस सलग भरले
की माणूस कायद्याच्या आडोशाला येतो.
म्हणून वरून तोंडी फर्मान होतं,
दोनशे अडतीसला तोडा.
मी तोडायचो.
माझीही एक पट्टी होती, लाकडी, फूटभर.
ती धरून लाल शाईची सरळ रेघ,
आणि शेऱ्यात: खंड.
अक्षर माझं चांगलं होतं.

पहिल्यांदा तोडलं तेव्हा तो दारातच थांबला.
“कामून सायेब?
माझा खंड धरा, पन नदीला कुनी सांगितलं का,
दोन दिवस येऊ नको म्हनून?”
मी हसलो. त्याला चहा पाजला.

मग एकवीस वर्षं तारखा.
कामगार न्यायालय, मग औरंगाबादचं खंडपीठ.
त्याला तो शब्दच पटेना.
“खंड मिटवायला खंडपीठ?
नावातच खोट हाय, वकीलसाहेब.”
तिथं जिंकला, तर शासन दिल्लीला गेलं.
यादीत सतरा जण.
चौघांच्या नावापुढं आता ‘मयत, वारसांमार्फत’.
हा अकरावा; आणि तिथंही नाव फोडलेलं, मुंजा, मग जी.

पांगरीकर वकील सांगतात,
न्यायमूर्तींनी कागदातून मान वर न करता विचारलं,
त्या दोन दिवसांचं पाणी कुणी मोजलं?
सरकारी वकिलानं फाइल चाळली.
पुन्हा चाळली.
पाणीपातळीच्या वह्या मागवल्या गेल्या,
उपविभागाच्या गोदामातून, उंदरांनी कोपरे खाल्लेल्या.
जिथं माझ्या पटावर लाल रेघ,
तिथं त्याच तारखेला निळ्या पेनाचे आकडे:
चारशे त्र्याहत्तर दशांश सहा.
चारशे त्र्याहत्तर दशांश सात.
सात त्याचा नेहमीचा, शेपूट लांब सोडलेला.

शासनाचं अपील फेटाळलं.
सेवा अखंड धरावी, निवृत्तिवेतन द्यावं,
तीन महिन्यांत.
मागचा पगार मात्र नाही, फार काळ लोटला म्हणून.
(काळ कुणी लोटला, ते चौदा पानांत नाही.)
खर्चाबाबत आदेश नाही.

नातवाच्या मोबाइलनं पहिल्याच ओळीचं,
लीव्ह ग्रँटेडचं, भाषांतर केलं: रजा मंजूर.
मुंजाजी चौसष्टचा.
म्हणाला, “कवा मागितलीच न्हाई की रं.”

परवा माझ्याकडं आला, फॉर्म घेऊन.
मला वाटलं, ते वाक्य वाचून दाखवायला आला.
“तुम्हीच भरा. अक्षर चांगलं हाय तुमचं.”
टोमणा होता का, कळलं नाही.
चेहरा त्याचा तसाच, धरणाच्या भिंतीसारखा,
ओल कुठून येते ते दिसू न देणारा.

नाव. जन्मतारीख. रुजू दिनांक.
रकाना नऊ: सेवेतील खंड, असल्यास.
मी पेन टेकवलं, उचललं.
खिशात दोन पेनं होती, दुसरं लाल.
ते काढून टेबलावर लांब सरकवलं
आणि निळ्यानं लिहिलं: निरंक.
अक्षर बिघडलं जरा.
तो बघत नव्हता.
नातवाला भज्यांसाठी सुट्टे मोजून देत होता,
आणि एक रुपया कमी भरला, म्हणून
परत पहिल्यापासून मोजत होता.